उभं छापलेलं हाड

दळवी सरांच्या पुढ्यात चहाबरोबर खारी आली की ते ती आधी मोडायचे, मोडलेली बाजू चष्म्याजवळ नेऊन निरखायचे आणि मगच तोंडात टाकायचे. महाडच्या एसटी स्टँडसमोरच्या ज्या हॉटेलात आम्ही रोज बसायचो, तिथला मालक यावर कायम उखडलेला असायचा.

"सर, ताजी हाय हो खारी. बघताय काय येवढं?"

"ताजीच आहे रे बाबा. मोडली कुठून ते बघतोय."

"खायच्या वस्तूला काय, कुठूनबी मोडली तरी पोटातच जायची!"

सर हसायचे आणि दुसरी खारी मोडायचे. ते आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात धातूशास्त्र शिकवत आणि मी गणित. कॉलेजात जाता-येता ते माझ्या स्कूटरवर मागे बसत. या माणसाला मोडक्या वस्तूंचं जे वेड होतं त्याला तोड नव्हती. त्यांच्या टेबलाच्या खणात एसटीच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा, कुणाच्या तरी विळीचं तुटलेलं पातं, सायकलचा मोडका पायडल, गिरणीतला दुभंगलेला बोल्ट असला सगळा संसार होता. शिपाई म्हणायचा, साहेब, भंगारवाला आलाय, बोलावू का? मी म्हणायचो, जरूर बोलाव, आणि सरांनाही तोलून दे.

"कांबळे," ते मला म्हणायचे, "धडधाकट वस्तू थापा मारते. मोडली की खरं बोलते. तिच्या मोडलेल्या तोंडाकडे नीट बघ, ती सगळं सांगते."

आमचं घर चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत. मार्चमध्ये गावोगावची माणसं तळ्यावर येतात तेव्हा आमच्या दारात पाण्याचे पिंप आणि पोह्यांचं पातेलं असतं, ही माझ्या वडिलांपासूनची रीत. दळवी सर मूळचे पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतले, म्हशी राखणाऱ्या घरातले. पण त्या दिवशी ते सकाळीच येऊन पिंपाजवळ बसायचे आणि पेले भरून द्यायचे. एकदा गर्दीत एक थोराड गृहस्थ आमच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट खाली आले. सगळे त्यांना उचलायला धावले. दळवी सर धावले ते खुर्चीकडे.

माझी बायको ओरडली, "अहो भाऊजी, माणूस पडलाय!"

"वहिनी, माणूस उठेल. ही काही उठायची नाही." आणि खुर्चीचा मोडका पाय हातात घेऊन त्यांनी तिथेच तास सुरू केला. मोडलेल्या जागेचा थोडा भाग स्वच्छ, नवा होता. बाकीचा मळलेला, जुना. "बघितलंत? ही आज मोडलेली नाही. कधीची मोडतेच आहे. आज फक्त आपल्याला कळलं."

पडलेले गृहस्थ कंबर चोळत हे ऐकत होते. ते म्हणाले, "साहेब, माझ्या कमरेकडे पण बघा जरा." केवढे हसलो होतो आम्ही!

हे सगळं सरांच्या मांडीत गाठ निघण्याआधीचं.

गाठ हाडातली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी मांडीच्या हाडाचा लांबच्या लांब तुकडा काढून टाकला आणि त्या जागी टायटॅनियमचं हाड बसवलं. ते कुठल्या लोहाराने घडवलेलं नव्हतं की साच्यात ओतलेलंही नव्हतं, यंत्राने छापलेलं होतं. धातूची पिठासारखी बारीक भुकटी एका पाटावर पातळ पसरायची, जिथे हवं तिथे लेझरने वितळवायची, वर पुन्हा भुकटी, पुन्हा लेझर. असे थरावर थर चढत वस्तू उभी राहते. त्यांच्याच पायाचं माप, त्यांचाच बाक. शुद्धीवर आल्यावर या माणसाने डॉक्टरांना पहिला प्रश्न काय विचारला असेल? मी वाचेन का, चालेन का, यातलं काही नाही. "त्याच भुकटीच्या, त्याच यंत्रावर केलेल्या चाचणीच्या दांड्या मिळतील का?"

मिळाल्या. हाड बनवणाऱ्या कंपनीने बोटाएवढ्या दोन दांड्या डबीत घालून पाठवल्या. हाडाबरोबरच, त्याच दिवशी छापलेल्या. सर त्यांना आपले भाऊ म्हणायचे.

कॉलेजच्या लॅबमध्ये एक जुनं यंत्र आहे. त्यात दांडी अडकवायची, तिला वजन टांगायचं आणि फिरवत ठेवायचं. प्रत्येक फेरीत दांडी जराशी वाकते आणि सरळ होते. दांडी मोडली की वजन खाली पडतं आणि यंत्र आपोआप थांबतं. "धातू काही एका घावाने मरत नाही," सर वर्गात सांगायचे, "तोच तो भार पुन्हा पुन्हा झेलून थकतो आणि थकून मरतो." आपल्या एका पावलाचा भार हाडावर किती येतो याचा हिशेब करून त्यांनी तेवढं वजन टांगलं आणि एक भाऊ यंत्रात चढवला. यंत्राचा एक दिवस म्हणजे सरांच्या चालण्याची काही वर्षं. म्हणजे यंत्र त्यांच्या पुढे चालत होतं आणि पुढे रस्ता आहे की नाही ते सांगत होतं.

यंत्र आठवडेच्या आठवडे चाललं. रोज सकाळी सर काठी टेकत लॅबमध्ये जायचे, घरघर ऐकायचे आणि बाहेर येऊन मला म्हणायचे, "भाऊ शंभरीपार गेला, कांबळे! तरी चालतोय." मग त्यांनी काठी सोडली. मग शनिवारी पोलादपूरला जाऊन वाडीचा डोंगर चढून आईला भेटायला लागले. वडील कधीच गेलेले, बहीण मुंबईला. आई तिथे दोन म्हशी घेऊन एकटी राहायची आणि खाली यायला साफ नकार द्यायची. वाडीला रस्ता नाही. डांबरी संपते तिथून पायवाट.

त्या वर्षी पोरांची सहल रायगडावर नेली. हिरकणीवाडीत बस थांबली तेव्हा मी सरांना म्हटलं, रोपवेने या, आम्ही वर भेटतो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मी त्यांना पाळण्यात झोपायला सांगतोय. पायऱ्या चढून गेले. वर पोचल्यावर घामाने निथळत, मांडीवर थाप मारून पोरांना म्हणाले, "बघा, हे छापील आहे!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझी आणि त्यांची इतक्या वर्षांची सोबत, पण इतका सुखी माणूस मी त्यांच्यात आधी पाहिला नव्हता आणि नंतर तर नाहीच.

पुढचं सांगताना मला आजही राग येतो. कोणाचा येतो ते कळत नाही.

त्यांच्या तासानंतर त्याच वर्गात माझा तास असे. मी दारात ताटकळत उभा होतो. सर फळ्यावर छपाईचा धडा शिकवत होते, दर वर्षीचाच. उदाहरणही दर वर्षीचंच, खारीचं. खारीचे पापुद्रे जसे, तसे छापलेल्या धातूचे थर. थरांच्या मध्ये कुठे कुठे भुकटीचा कण वितळायचा राहतो. तिथे चपटी, न दिसणारी फट राहते, थराच्या पातळीत निजलेली. आता वस्तू आडवी छापली आणि लांबीच्या दिशेने ताणली, तर ताण थरांच्या बरोबरीने जातो, फट निजूनच राहते. पण वस्तू उभी छापली तर थर तिच्या लांबीला आडवे येतात. ताण दिला की फटीचं तोंड उघडतं. रोज थोडं थोडं उघडतं. "म्हणून," सर म्हणाले, "छापलेली वस्तू हातात आली की पहिला प्रश्न विचारायचा. काय?"

पोरं सुरात म्हणाली, "उभी की आडवी?"

"शाब्बास. आता यंत्राचा पाट लहान असतो. लांब वस्तू त्यावर उभीच बसते." त्यांनी फळ्यावर पाट काढला. पाटावर उंच, किंचित बाकदार आकृती काढली. "आणि उरलेल्या कोपऱ्यात जागा वाया जाऊ नये म्हणून चाचणीच्या दांड्या..." त्यांनी कोपऱ्यात दोन छोट्या आडव्या रेघा ओढल्या.

आणि खडू थांबला.

ते फळ्याकडे बघत राहिले. पोरं चुळबुळायला लागली. सरांनी डस्टर उचललं, पुन्हा ठेवलं, आणि बाहेर आले. दारात माझ्या दंडाला धरून उभे राहिले.

"कांबळे, ते आडवे होते."

"कोण?"

"माझे भाऊ. आडवे निजलेले होते. हाड उभं होतं. मी विचारलंच नाही रे."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ज्याने सगळ्या तालुक्याच्या खुर्च्या-विळ्यांना प्रश्न विचारले, त्याने आपल्या मांडीला तो एक विचारला नाही. डबीत भाऊ आले, सोबत आले, एका दिवशी जन्मले, म्हणून सारखेच असणार असं मानून बसला. आपल्या माणसांना कोणी असं विचारत नाही, तसंच झालं.

त्यांनी कंपनीला फोन केला तेव्हा मी शेजारी होतो. पलीकडचा माणूस सभ्य होता, काही लपवत नव्हता. हो, हाड उभंच छापलं होतं, एवढ्या लांबीला तसंच छापावं लागतं. दांड्या आडव्या होत्या. पण नंतर सगळंच दाबाखाली भट्टीत घातलं जातं, आतल्या फटी मिटतात, काळजी करू नका.

फोन ठेवून सर म्हणाले, "मिटतात. बहुतेक."

त्यांनी उभ्या छापलेल्या दांड्या मागवल्या. त्या आल्या. एक यंत्रात चढवली, तेच वजन टांगलं. सकाळी पहिल्या तासाआधी यंत्र सुरू झालं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबे उघडले, आणि लॅबमधली घरघर थांबली. सर घास हातात धरून बसून राहिले. मी म्हटलं, लाइट गेली असेल. वर पंखा फिरत होता.

त्या दुपारी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून दांडीचं मोडलेलं तोंड दाखवलं. मला त्यातलं काय कळतंय! करड्या खडबडीत जागेत एक लहानसा गुळगुळीत डाग दिसला, अगदी डोळ्यासारखा. "इथून सुरू झालं," सर म्हणाले. आवाज वर्गातलाच होता, शिकवण्याचा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू गणितवाला ना? मला सांग. माझं कधी?"

"सर, गणित शंभर दांड्यांचं सांगतं. शंभरातल्या किती कधी मोडतील ते सांगतं. एका दांडीचं नाही सांगत."

"मग काय उपयोग तुझ्या गणिताचा? मला मांडी एकच आहे."

मी डबा बंद केला.

दुसरं हाड का नाही बसवलं, असं मला पुष्कळांनी विचारलं. सरांनीही डॉक्टरांना विचारलंच की. वर शिल्लक राहिलेलं त्यांचं स्वतःचं हाड इतकं थोडं होतं की एकदा बसवलेलं काढलं तर दुसरं धरायला जागाच नव्हती. काढायचं म्हणजे पायच काढायचा. नाहीतर आहे त्यावर चालायचं, जमेल तेवढं कमी.

तेव्हापासून सर उलटे उतरायला लागले. चढताना नाही, पण उतरताना मांडीला जो हिसका बसतो त्याने हाड वाकतं, असा त्यांचा हिशेब. पाठमोरं उतरलं तर हिसका कमी. कॉलेजचा जिना ते कठड्याला धरून, वर तोंड करून, एकेक पायरी मागे उतरायचे. पोरं ती पोरंच. गॅदरिंगमध्ये एकाने त्यांची नक्कल केली आणि सभागृह हसून लोळलं. मी त्या पोराला स्टेजवरून खेचणार होतो. सरांनी मला धरून ठेवलं. "चांगली केली," म्हणाले. "फक्त तो डाव्या पायाने सुरुवात करतो, ते चूक आहे."

पण माणूस आतून खचत होता. खारी खाणं सोडलं. पुढ्यात आली की सरकवून द्यायचे. मालकाने एकदा हळूच विचारलं, "सर, मोडत नाय आता?" सर म्हणाले, "पुरे झालं, बाबा." स्कूटरवर मागे बसले की खड्डा आला की माझा खांदा असा घट्ट धरायचे की रात्री वळ दिसायचा. आणि दर शनिवारी मी ओरडत असतानाही आईकडे जायचे. मी म्हणायचो, तिला खाली आणा. ते म्हणायचे, "बोलून बघ." मी म्हणायचो, निदान तिला सांगा तरी. त्यावर ते पिशवी उचलून निघायचे.

मग त्या वर्षीच्या तपासणीत, एक्स-रेमध्ये एक रेघ दिसली. केसासारखी. ती धातूतली आहे की फोटोतली सावली, डॉक्टरांना नक्की सांगता येईना. पण धातूतली असली आणि हाड एकाएकी मोडलं तर धारदार तोंड आतली मोठी रक्तवाहिनी कापेल. तेव्हा त्याआधीच पाय काढलेला बरा, असं सगळ्यांचं मत पडलं. सरांनी तो फोटो खिडकीशी धरून पुष्कळ वेळ बघितला.

"सावली नाही," ते म्हणाले. दिवस ठरला. पुढचा सोमवार.

आदल्या शनिवारी ते म्हणाले, वाडीवर जायचंय. मी चिडलो, नको नको ते बोललो. स्वतःच्या जिवावर उठलाय का, म्हटलं. डोलीत बसा, चार माणसं गाठतो, उचलून नेतील.

"डोलीतून वर गेलो तर ती काय समजेल, कांबळे? आमच्याकडे डोलीतून माणूस खाली जातो, आणि तो परत येत नाही." मग अजिजीने म्हणाले, "लाकडी पायाने तो डोंगर कोणी चढलेला नाही. एकदा स्वतःच्या पायांनी जाऊ दे. तू ये बरोबर."

त्या दिवसानंतर मी त्यांना स्वतःच्या पायांनी चालताना पाहिलेलं नाही.

महाडहून रिक्षा केली. पोलादपूर मागे टाकून रिक्षा वर गेली आणि डांबर संपलं तिथे थांबली. वाटेत सर आईला काय सांगायचं ते माझ्यासमोर दोनदा बोलून बघत होते. पाय काढतायत. दुखणार नाही. आता मला चढता यायचं नाही, तूच खाली ये. दोन्ही वेळा शेवटच्या वाक्याला अडखळले.

चढ त्यांनी काठीने, थांबत थांबत चढला. वाडी आली तेव्हा म्हातारी गोठ्याच्या दारात शेण काढत होती.

"आलास रे? आज शनवार काय? मला वाटला, येत नाय."

"आलो गो आये."

तिने मला ताक दिलं, त्यांना नाचणीची भाकरी दिली. समोर बसून त्यांच्याकडे बघत राहिली. "ह्याच्या पायात लई महागाचं लोखंड घातलंय म्हनत्यात, मास्तर," मला म्हणाली. "आता जल्मभर बघाया नको. हाय ना?"

मी सरांकडे पाहिलं. सर भाकरी मोडत होते. मोडलेल्या बाजूकडे बघत होते, पुष्कळ महिन्यांनी.

"आये," ते म्हणाले, "तू खाली चल. महाडला. माझ्याजवळ."

"आन म्हशी काय तुझ्या कालेजात बांधू? येडा हाय." ती हसली. "तू येतोस ना वर? मग झालं. मला काय लागतंय आजून?"

मी मुद्दाम खाकरलो. सरांनी तोंड उघडलं. मग भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि चावत बसले. सांगितलं नाही. मला त्यांना हलवावंसं वाटत होतं, आणि त्यांच्या जागी मी असतो तरी सांगितलं नसतं हेही कळत होतं.

निघताना ती अंगणाच्या कडेपर्यंत आली. तिथून पायवाट सरळ खाली उतरते. सरांनी काठी माझ्याकडे दिली, तिच्याकडे तोंड केलं आणि उजव्या पायाने एक पाऊल मागे टाकलं. मी त्यांच्या पाठीशी, खाली, हात पसरून उभा.

"बघा मास्तर," म्हातारी वरून मला म्हणाली, आणि तिचा आवाज अभिमानाने भरला होता, "लहानपनी कसा पळत सुटायचा शाळंला, मागं वळून बघायचा नाय. आन आता आलीकडं, माझ्याकडं पाठ म्हनून करीत नाय माझा पोरगा. पार खालपत्तुर असाच जातो."

मी म्हणत होतो, डावीकडे दगड आहे. आता खोल पायरी. थांबा, मुळी आहे. सर पाऊल चाचपत मागे टाकत होते, पण एकदाही खाली पाहिलं नाही. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. ते तिलाच दिसत होतं आणि ती वरून हात हलवत होती, लहान होत होती, हिरवं लुगडं तेवढं दिसत होतं. मध्येच ते एकदम थांबले. मी म्हटलं, दुखलं का? मानेनेच नाही म्हणून ते पुन्हा उतरू लागले.

शेवटी पायाखाली डांबर लागलं. रिक्षावाला बिडी टाकून उठला. मी म्हटलं, "सर, सपाटी आली. वळा आता."

ते वळले नाहीत. वरच्या कडेला ती अजून उभी होती. रिक्षाची कड पाठीला लागेपर्यंत सर तसेच मागे मागे चालत राहिले.